सॉमर्टनच्या किनाऱ्यावरचा माणूस: नाव सापडलं, पण प्रकरण सुटलं का?

वैदेही_ॲडलेड

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण हे डोक्यातून जात नाहीये.

ॲडलेडला येऊन मला चार वर्षं झाली. इथे शहरातून ग्लेनेल्गला ट्राम जाते. शेवटच्या थांब्यावर उतरायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं, की अर्ध्या तासात सॉमर्टन पार्क येतं. आईबाबा सध्या माझ्याकडे आहेत. गेल्या रविवारी फिरताना बाबा एकदम थांबले आणि म्हणाले, "तो माणूस इथंच कुठेतरी सापडला होता ना?" कॉलेजात असताना त्यांनी कुठल्याशा मासिकात ही हकिकत वाचली होती. मला काहीच माहीत नव्हतं. घरी येऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १ डिसेंबर १९४८, सकाळी साडेसहाच्या सुमाराची वेळ. किनाऱ्यावरच्या भिंतीला डोकं टेकून, समुद्राकडे पाय करून एक माणूस पडलेला. चाळिशीतला, उंच, सूट आणि टाय, बुटांना पॉलिश. अर्धवट ओढलेली सिगारेट कॉलरवर पडलेली. आदल्या संध्याकाळी सातच्या सुमारास एका जोडप्याने त्याला तिथेच पाहिलं होतं. त्याने उजवा हात पुरता वर उचलला आणि तो परत खाली पडला. दारू पिऊन पडला असेल असं त्यांना वाटलं, ते पुढे गेले.

खिशात हेन्ली बीचचं न वापरलेलं रेल्वे तिकीट, बसचं तिकीट, ॲल्युमिनियमचा कंगवा, च्युइंगगम, सिगारेटी, काडेपेटी. पैसे नाहीत, पाकीट नाही. कपड्यांची लेबलं काढून टाकलेली. पुढे १९४९ मध्ये पँटच्या घड्याळाच्या छोट्या खिशात गुंडाळलेला कागदाचा एक चिटोरा मिळाला. त्यावर छापील अक्षरं होती, 'तमाम शुद'. उमर खय्यामच्या रुबायांच्या पुस्तकाचं हे शेवटचं पान. अर्थ, संपलं. आपल्या मराठीत 'तमाम' म्हणजे सगळं, तिकडे फारसीत ते 'संपूर्ण, समाप्त'च्या अंगाने येतं.

ज्या पुस्तकातून हा तुकडा फाडला होता ते ग्लेनेल्गमध्ये एका मोटारीत कुणीतरी टाकलेलं मिळालं. मागच्या पानावर एक फोन नंबर आणि अर्थ न लागणाऱ्या अक्षरांच्या ओळी. नंबर एका नर्सचा होता, ती त्याच किनाऱ्याजवळ पायी अंतरावर राहायची. तिने सांगितलं, मी या माणसाला ओळखत नाही.

२६ जुलै २०२२ ला इथल्या विद्यापीठातले प्राध्यापक डेरेक ॲबट आणि अमेरिकेच्या कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी त्याचं नाव जाहीर केलं. कार्ल वेब, मेलबर्नचा, १९०५ साली जन्मलेला, विजेची उपकरणं बनवणारा कारागीर.

मला विचारायचंय ते हे. नाव मिळालं म्हणजे प्रकरण सुटलं असं म्हणायचं का? कशाने मेला, कुणी मारलं की स्वतःच काही घेतलं, हे तर अजून कळलेलंच नाही. आणि एवढ्या वस्तू हाताशी असताना त्र्याहत्तर वर्षं नाव का मिळू नये? बाबा रोज विचारतात, आज काय वाचलंस. त्यांना हे इतकं का लागून राहिलंय ते मला ठाऊक आहे, पण ते पुन्हा कधी.

सागर_दादर

वैदेही, मी ह्या केसवर दहाएक वर्षं वाचतोय, त्यामुळे स्पष्ट लिहितो. मला अजूनही यात हेरगिरीचा वास येतो. सालच बघा. १९४८. शीतयुद्धाची सुरुवात. त्याच दक्षिण ऑस्ट्रेलियात वूमेराला ब्रिटिशांच्या रॉकेट चाचण्यांचं केंद्र उभं राहत होतं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने स्वतःची गुप्तचर संस्था काढली. लेबलं काढलेले कपडे, सांकेतिक वाटणारी अक्षरं, फॉरेन्सिकला न सापडलेलं विष. शवविच्छेदनात प्लीहा नेहमीच्या तिप्पट सुजलेली होती, जठरात रक्त होतं, डॉक्टर म्हणाले मृत्यू नैसर्गिक वाटत नाही, आणि तरीही विषाचा अंशसुद्धा मिळाला नाही. हृदयावर काम करून लगेच शरीरातून नाहीशी होणारी विषं असतात, तशी शंका तज्ज्ञाने कोरोनरसमोर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, बोलूनही दाखवली होती.

आणि ती नर्स. मृताचा प्लॅस्टरचा अर्धपुतळा दाखवल्यावर ती चक्कर येऊन पडते की काय असं पोलिसांना वाटलं होतं. तिने तशीच रुबायांची प्रत पूर्वी एका लष्करी अधिकाऱ्याला भेट दिली होती, म्हणून पोलिसांना वाटलं मेला तो हाच. तर तो अधिकारी सिडनीत जिवंत, पुस्तक त्याच्याकडे, शेवटचं पान शाबूत! इतके योगायोग एका साध्या विजेच्या कारागिराच्या आयुष्यात? मला पटत नाही.

निवृत्त_फौजदार

वैदेहीताई, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस विचार केला, मग लिहायला बसलो. मी पोलीस खात्यात ३४ वर्षं काढली. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली अकरा वर्षं कोकणात किनाऱ्यावरच्या ठाण्यांत. अनोळखी प्रेत म्हणजे काय हे मी हातांनी पाहिलंय, म्हणून माझं चार शब्द ऐका.

सागरराव, तो हेर नव्हताच असं मी छातीठोक सांगणार नाही. पण लेबलं नाहीत म्हणजे हेर, हा हिशेब मला कच्चा वाटतो. युद्धकाळात तिकडे कपडे रेशनवर होते. जुने कपडे विकत घेऊन वापरणं सर्रास चाले, आणि दुसऱ्याच्या नावाचं लेबल माणूस उसवून टाकतो. आमच्याकडे थोरल्याची पँट धाकट्याला येते तसंच.

आता मुद्द्याचं. अनोळखी प्रेत मिळालं की पंचनामा होतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते, जुन्या कायद्यातलं कलम १७४. फोटो, बोटांचे ठसे, शोधपत्रिका, आजूबाजूच्या ठाण्यांना बिनतारी संदेश. हे सगळं कागदावर होतं. पण नाव कागदावरून लागत नाही. नाव लागतं कपड्यांवरून, आणि कपडे घेऊन पायपीट करणाऱ्या माणसावरून.

१९८४ चा ऑगस्ट. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, होड्या नुकत्या पाण्यात गेलेल्या. खाडीच्या तोंडाशी जाळ्यात एक प्रेत आलं. चेहरा उरला नव्हता, माशांनी खाल्लेला. बोटांच्या ठशांचाही उपयोग नव्हता. डोक्याला मागच्या बाजूला फट होती, म्हणून खुनाचा गुन्हा दाखल झाला. अंगावर शर्टाचा अर्धा भाग आणि एक खाकी पँट. मी ती पँट धुऊन उन्हात घातली आणि वाळल्यावर उलटी केली. कमरपट्टीच्या आत बिब्ब्याची खूण होती. त्रिशूळ आणि त्याखाली तीन उभ्या रेघा.

तरुण मंडळींना माहीत नसेल. परीट लोक बिब्ब्याला सुई टोचून तिच्या टोकाने कपड्यावर खूण करायचे आणि वर चुना दाबायचे. ती काळी पडली की कपडा फाटेल पण खूण जायची नाही. प्रत्येक परटाची आपली खूण, आणि त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी. वहीत लिहिलेलं काही नाही, सगळं डोक्यात.

मी साहेबांची परवानगी काढली आणि पँट पिशवीत घालून निघालो. जिल्ह्यातले परीट संपले. मग घाट चढून कोल्हापूर. तिथे चौथ्या की पाचव्या दिवशी एका म्हाताऱ्या परटाने कापड उजेडात धरलं, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "माझी न्हाई. पर ह्यो हात माझ्या साडूचा हाय. मिरजंला जावा." मिरजेच्या त्या माणसाने खूण बघितली आणि खाली बसला. म्हणाला, "हे आमच्या गल्लीतलं पोरगं हाय."

मुलगा बावीस वर्षांचा, ट्रकवर क्लीनर. घरात फक्त आई. मी चेहऱ्याचा फोटो तिला दाखवला नाही, पँट दाखवली. तिने पायाकडची शिवण हातात घेतली. ती हिरव्या दोऱ्याने घातलेली होती. इतके दिवस पँट माझ्या हातात होती आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. ती म्हणाली, "काळा दोरा संपला हुता, म्हनून हिरव्यानं घातली. पोरगं चिडलं हुतं माज्यावर." मग बराच वेळ गप्प. आणि मग विचारलं, "कुठं पुरलाय त्याला?" अनोळखी प्रेत जाळत नाहीत, पुरतात, उद्या गरज पडली तर काढता यावं म्हणून.

त्या गुन्ह्याचा तपास शेवटपर्यंत लागला नाही. ट्रकचा मालक, ड्रायव्हर, सगळ्यांचे जबाब झाले, हाती काही आलं नाही. कोर्टात 'अ' समरी गेली, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळत नाही. कागदोपत्री ते प्रकरण आजही न सुटलेलं आहे. पण त्या बाईने मुलाचे दिवस घातले. पुढे सात-आठ वर्षं दर दिवाळीला तिचं पोस्टकार्ड यायचं, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. एकाही पत्रात तिने खुनी सापडला का असं विचारलं नाही. दर वेळी लिहायची, तुम्ही माझ्या पोराचं नाव लावलंत.

तर सुटलं का याचं माझं उत्तर असं की ही दोन वेगळी कामं आहेत. नाव लागणं एक, गुन्हा उघडकीस येणं दुसरं. ॲडलेडचं पहिलं काम झालं. ते लहान काम नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, इतकी वर्षं का लागली. त्याची सूटकेस १४ जानेवारी १९४९ ला ॲडलेड स्टेशनच्या क्लोकरूममध्ये मिळाली. आत केशरी रंगाच्या मेणदोऱ्याचं कार्ड होतं, आणि त्याच जातीच्या दोऱ्याने अंगावरच्या पँटचा खिसा शिवलेला. बॅग त्याचीच, हे त्यावरूनच धरलं. हे वाचलं तेव्हा मला मिरजेची शिवण आठवली. बॅगेतल्या टायवर 'टी. कीन' लिहिलं होतं. कपड्यांच्या पिशवीवर 'कीन', बनियनवर 'कीन'. पँटींवर ड्रायक्लीनरचे आकडेसुद्धा होते. पोलिसांनी कीन नावाचा कोणी बेपत्ता आहे का ते देशभर बघितलं. नव्हता. मग निष्कर्ष काढला की लेबलं काढणाऱ्याने ही मुद्दाम ठेवली, कारण मेलेला कीन नाही हे त्याला ठाऊक होतं.

आणि २०२२ मध्ये काय कळलं? वेबच्या बहिणीच्या नवऱ्याचं आडनाव कीन. नाव थॉमस. टी. कीन! कीन हरवला नव्हता, कीनचा मेव्हणा हरवला होता. टाय बहुधा त्या घरातूनच आलेला. नाव दीड महिन्यातच पोलिसांच्या टेबलावर आलं होतं. त्यांनी हरवलेला कीन शोधला, जिवंत कीनच्या दारात कुणी गेलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. मीही त्या वेळी तसंच केलं असतं असं मला वाटतं. पण एक शिपाई जरी मेलबर्नच्या गल्ल्यांत ते आकडे घेऊन फिरला असता...

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ती सूटकेस १९८६ मध्ये नष्ट केली. आता गरज नाही म्हणून. पुस्तक तर त्याआधीच गहाळ झालेलं. मुद्देमाल खोलीत जागा नसते हे मला माहीत आहे, मीही अशा याद्यांवर सह्या केल्यात. म्हणूनच लिहितोय.

एक कबुलीही देतो. १९८९ मध्ये किनाऱ्यावर एका बाईचं प्रेत मिळालं. कपड्यांवर खूण नाही, उजव्या मनगटावर तुळशीवृंदावनाचं गोंदण. मी चार जिल्ह्यांना संदेश पाठवला आणि थांबलो. समुद्राचा ओढा बघता कर्नाटकातही कळवायला हवं होतं. नाही कळवलं. तिचं नाव आजही लागलेलं नाही.

मृण्मयी_पुणे

काका, तुमचं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. मी डीएनए प्रयोगशाळेत काम करते, म्हणून नाव कसं लागलं तेवढं सांगते.

पोलीस नेहमी जी डीएनए चाचणी करतात तिच्यात नमुना कुणाशी तरी थेट जुळावा लागतो, त्याच्या स्वतःच्या नमुन्याशी किंवा आईवडील, मुलं, भावंडं अशा अगदी जवळच्या नातलगांशी. ज्याचं कुणीच पुढे आलेलं नाही त्याच्या बाबतीत ती आंधळी. वेबच्या वेळी वंशावळीची पद्धत वापरली. लाखो ठिकाणी डीएनए वाचायचा, हौसेने स्वतःची चाचणी करून घेणाऱ्या लोकांच्या खुल्या संग्रहात टाकायचा, आणि दूरचे चुलत-मावस कोण निघतात ते बघायचं. मग जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन झाड उलटं वर चढायचं आणि पुन्हा खाली उतरायचं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला जोसेफ डिअँजेलो हा खुनी, तोही माजी पोलीस, चाळीसेक वर्षांनी असाच सापडला.

इथे नमुना कुठून आला ते बघा. मृतदेह पुरण्याआधी, १९४९ च्या जूनमध्ये, त्याचा प्लॅस्टरचा अर्धपुतळा केला होता. त्या प्लॅस्टरमध्ये त्याचे काही केस अडकून राहिले. ॲबटना ते मिळाले. मूळ नसलेल्या जुन्या केसात डीएनएचे अगदी बारीक तुकडे उरतात, पूर्वी ते वाचताच येत नव्हते. त्यावरून सुमारे ४००० माणसांचं झाड झालं. त्यात एक माणूस असा होता ज्याच्या जन्माची नोंद आहे, लग्नाची आहे, मृत्यूची कुठेच नाही. तो कार्ल वेब. मग आईकडच्या आणि वडिलांकडच्या नातेवाइकांशी ताडून पाहिलं, दोन्हीकडून जुळलं.

पोलिसांनी २०२१ च्या मे महिन्यात कबर उकरून अवशेष काढले होते, तो तपास वेगळा. ॲबटनी नाव जाहीर केलं त्या दिवशी पोलिसांचा त्यावर शिक्का नव्हता, हेही नोंदवायला हवं.

सागर, तुझ्या मुद्द्याबद्दल. नर्सच्या मुलाचा बाप हाच, असंही अनेक वर्षं बोललं जायचं. ॲबटनी पुढे त्या नर्सच्या नातीशीच लग्न केलं, त्यांच्या घरातली तर ही गोष्ट. डीएनएने ते नातं नाही म्हणून सांगितलं. आणि अक्षरांबद्दल ॲबटचं म्हणणं साधं आहे. वेबला घोड्यांवर पैसे लावायचा नाद होता, ती घोड्यांच्या नावांची आद्याक्षरं असू शकतात. तो कविताही करायचा. रुबायांचं पुस्तक जवळ असायला हेर असावं लागत नाही.

बायकोपासून तो १९४७ मध्ये वेगळा झालेला. ती नंतर दक्षिण ऑस्ट्रेलियातच राहायला आली होती. १९५१ मध्ये तिने घटस्फोटाचा अर्ज केला, नवरा सोडून गेला म्हणून. तेव्हा त्याला पुरून दोन वर्षं झालेली.

सागर_दादर

बायकोचा तो १९५१ चा अर्ज मला माहीत नव्हता. म्हणजे तो तिला शोधायला ॲडलेडला आला असेल? हे मी कधी मनातच आणलं नाही. दहा वर्षं मी त्या अक्षरांची कोडी सोडवत होतो, वह्या भरल्यात. मृण्मयी, काका, तुमचं पटतंय. विषाबद्दल मात्र मी अजून माझ्या मतावर आहे. विष नाही तर काय, हे कुणी सांगू शकलेलं नाही.

बर्गनची इस्डाल बाई आठवली. नोव्हेंबर १९७०, नॉर्वे, जळालेला देह, तिचीही लेबलं काढलेली. दातांच्या तपासणीवरून ती जर्मनीत न्यूरेंबर्गच्या आसपास वाढली असावी एवढं कळलं. नाव अजून नाही. आज तिच्याबद्दल वेगळ्या नजरेने वाचेन.

वैदेही_ॲडलेड

काका, मला अहो-जाहो करू नका. तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. मिरजेच्या आजींच्या शिवणीपाशी आले आणि मला पुढे वाचता येईना. बाबांनी फोन घेतला आणि उरलेलं स्वतः वाचलं.

आता सांगतेच. बाबांचा धाकटा भाऊ, माझा सुधाकाका, मे १९९१ मध्ये नाशिकहून गेला. वय सव्वीस. "मुंबईला मित्राकडे जाऊन येतो, सोमवारी परत," असं म्हणून शनिवारी सकाळी निघाला. अंगात आकाशी शर्ट, हातात शबनम. घरात भांडण नव्हतं, काही नव्हतं. तो मुंबईला मित्राकडे पोचलाच नाही. बाबांनी आठवडाभराने तक्रार दिली. त्यांना सांगितलं गेलं, तरणा माणूस आहे, येईल परत. बाबा पुढची दोन वर्षं दर महिन्याला ठाण्यात जायचे.

सात वर्षांनी वकिलांनी सांगितलं की आता कोर्टाकडून मृत्यू मानून घेता येईल, घराच्या वाटणीचं काम अडलंय ते होईल. आजीने शेवटपर्यंत त्या कागदावर अंगठा दिला नाही. ती २००९ मध्ये गेली.

रविवारी बाबा त्या भिंतीपाशी जवळजवळ तासभर बसले होते. एवढंच म्हणाले, "त्यालाही कुणीतरी असाच बघून पुढे गेलं असेल का?"

निवृत्त_फौजदार

वैदेही, बाळा, बाबांना माझा नमस्कार सांग. आता मी जे लिहितो ते नीट लिहून घे.

ती तक्रार मिसिंग म्हणून नोंदली होती का, नोंद क्रमांक काय, हे आधी काढा. जुन्या काळी साध्या कागदावर अर्ज घेऊन ठेवायचे आणि रजिस्टरला चढवायचे नाहीत, मी बघितलंय. पोच असेल तर शोधा. नसेल तर माहितीच्या अधिकारात त्या वर्षाच्या मिसिंग रजिस्टरचा उतारा मागा.

दुसरं, आणि हे बहुतेक जण विसरतात. तो रेल्वेने गेला असेल तर वाटेत जे घडलं त्याची नोंद गावच्या ठाण्यात नसते, लोहमार्ग पोलिसांकडे असते. नाशिक रोडपासून पुढे इगतपुरी, कसारा घाट, कल्याण, प्रत्येक हद्दीचं अकस्मात मृत्यूचं रजिस्टर वेगळं. मे १९९१ ची पानं मागायची. तिथेच थांबायचं नाही, सबंध जूनही बघायचा, कारण नोंद कधी उशिरा होते. बसने गेला असेल तर घाटाच्या हद्दीतली ठाणी. पस्तीस वर्षांपूर्वीचे कागद आहेत, काही ठिकाणी नष्ट झाले असं उत्तर येईल. ते उत्तरही लेखी घ्या.

तिसरं, मृण्मयीताई जास्त सांगतील, पण सख्खा भाऊ हयात आहे तोवर त्याचा नमुना जपून ठेवण्याची सोय करा.

आणि मला एक सांग. शर्ट आकाशी, शबनम, हे तक्रारीत असेल. कपड्यांवर खूण होती का? नाशिकला तुमच्याकडे परीट येत होता का? हे त्या वेळी बाबांना कुणी विचारलं होतं का?

मृण्मयी_पुणे

वैदेही, बाबा भारतात आले की मला निरोप पाठव. पुढचं आपण दोघी बघू. भावाचा नमुना चालतो, आणि बाबांचे दुसरे कुणी भाऊ-बहीण असतील तर त्यांचाही घ्यायचा, जितकी सख्खी भावंडं तितकं जुळवणं पक्कं. आपल्याकडे तसा खुला वंशावळीचा संग्रह नाही, त्यामुळे ॲबटसारखं झाड चढता येणार नाही. पण काकांच्या रजिस्टरातून एखादी नोंद मिळाली आणि तिथे काही जपलेलं असलं, तर त्यासमोर ठेवायला तुमच्याकडे काहीतरी हवं.

वैदेही_ॲडलेड

काल बाबांना वेस्ट टेरेसच्या स्मशानभूमीत घेऊन गेले होते. त्या दगडावर सॉमर्टनच्या किनाऱ्यावर सापडलेला अज्ञात माणूस आणि १ डिसेंबर १९४८ ही तारीख एवढंच कोरलेलं. बाबांनी शेजारचं सुकलेलं गवत हाताने बाजूला केलं.

परतताना ट्राममध्ये मी त्यांना तुमचा प्रश्न विचारला, काका. ते बराच वेळ बाहेर बघत होते. मग माझ्या तिकिटाच्या पाठीवर पेनने काढून दाखवलं. एक आडवी रेघ, तिच्याखाली दोन टिंबं, आणि शेजारी एक लहान गोल. रेघ आणि टिंबं म्हणजे आमचं घर, गोल म्हणजे सुधाकाका. बाबांच्या कपड्यांवर गोलाऐवजी फुली असायची. कॉलरच्या आतल्या बाजूला, बिब्ब्याची.

त्यांना हे कुणीच विचारलं नव्हतं. पहिला अर्ज आज रात्री लिहितोय, इगतपुरीचा.